पोटावर पाय

ठमाबाईचं डोकं तापायला फारसं काही लागत नसे. चुलीत ओलं लाकूड निघालं, कोंबडी शेजारणीच्या परसात अंडं घालून आली, नवऱ्यानं तिसऱ्या हाकेला ‘ओ’ दिली, कुठलंही निमित्त पुरायचं. दिवेआगरातल्या बायका म्हणायच्या, ‘ही नाकावर माशी बसू देत न्हाय.’ ते ऐकलं की ती आणखीच भडकायची. “माशी बसायला मी तरी कुठं बसते घटकाभर?” असं म्हणून सुपातल्या सुपाऱ्या खडाखडा पाखडायची.

ती मूळची समुद्राकाठची नव्हे. तळा गावाच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत भात पिकवणाऱ्या कुणब्यांचं एक गाव आहे, तिथली. स्वराज्य आलं त्या सालच्या वैशाखात तिचं लग्न झालं आणि ती दिवेआगरला आली. नवरा भागोजी भाऊंच्या वाडीत कामाला होता. भाऊ म्हणजे गावातल्या एका मोठ्या नारळी-पोफळींच्या वाडीचे मालक. त्यांचं पाळण्यातलं नाव सगळे विसरले होते, लहानथोर सगळे त्यांना भाऊच म्हणत. वाडीच्या कडेला, कुंपणाला टेकून भागोजीचं दोन खणांचं घर होतं.

भागोजी पोफळींवर चढायचा. पोफळ म्हणजे मनगटाहून थोडी जाड, आभाळाला लागलेली काठीच. त्या काठीच्या शेंड्यावर बसून तो तिला झोका द्यायचा, शेजारची पोफळ हाताला लागली की तिच्यावर उडी मारून जायचा, आणि अशी अर्धी वाडी तो जमिनीला पाय न लावता फिरायचा. ठमाबाईनं लग्नानंतर पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा ती भिऊन घरात पळाली होती. संध्याकाळी ती त्याला म्हणाली, “माजा बाप बैलांच्या मागं चालतो. तुमी माकडाच्या मागं लागलाव.” पण पुढं दोन मुलं झाली, गोदू आणि सदा, आणि डोक्यावर नवरा लोंबकळत असताना खाली बसून सुपाऱ्या सोलायची तिला सवय झाली.

सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची. भाऊंच्या घरातल्या बोलण्याची.

तिच्या माहेरी माणसं फार बोलत नसत. जे बोलत ते पोटानं बोलत. भूक लागली तर पोटात कावळे, भ्यालं तर पोटात गोळा, कुणाचं बरं बघवलं नाही तर पोटात दुखायचं. लेकरू पोटचं, माया पोटातली, चुकलं तर ‘पोटात घाला’. ठमाबाईच्या हिशेबी माणसाचं जे काही होतं ते सगळं पोटातच होतं. डोकं असायचं ते पाटी वाहायला.

भाऊंच्या घरी मात्र सगळा कारभार मनाचा. भाऊंची बायको अंबिकावहिनी दिवसातून दहादा म्हणायच्या, “ठमा, माझ्या मनाला लागलं हो,” किंवा “मनात येतं, पण मन धजत नाही.” एकदा सुपाऱ्या सोलताना ठमाबाईचा धीर सुटला.

“वहिनी, ते मन मला एकदा दाखवा तरी. कुठशी असतं?”

अंबिकावहिनी गोंधळल्या. त्यांनी आधी छातीवर हात ठेवला, मग कपाळाला बोट लावलं, मग म्हणाल्या, “अगो, ते दाखवता येत नाही.”

“मंग दुखतं ते कसं कळतं?” ठमाबाई म्हणाली. त्यावर वहिनी चार दिवस तिच्याशी तुटक वागल्या. त्यांच्या मनाला लागलं होतं.

अशी दहा वर्षं गेली.

सत्तावन्न सालचा पाऊस सरला आणि सुपारीचा हंगाम सुरू झाला, तेव्हा भागोजी एक दिवस दुपारीच घरी आला. पडवीत आडवा झाला आणि डोळे मिटून म्हणाला, “ठमे, डोळ्यांपुढं अंधारी येते. वर असलो की झाड हलतंय का मी हलतोय तेच समजत न्हाय.”

“तंबाकू सोडा,” ठमाबाई म्हणाली. घरातल्या कुठल्याही दुखण्यावर तिचं औषध तेच.

पण अंधारी येतच राहिली. कधी आठवड्यानं, कधी दोन दिवसांनी. भागोजीनं तिला बजावलं होतं, की बाहेर एक शब्द काढायचा नाही. चढणाऱ्याला चक्कर येते हे एकदा गावात कळलं, की कुठल्याही वाडीचं दार त्याला बंद. ठमाबाई गप्प बसली. तिला गप्प बसणं म्हणजे शिक्षा, पण बसली.

आणि मग ते झालं. भागोजी एका पोफळीवरून दुसरीवर जात होता. दुसरी हातात आली, पहिलीवरचे पाय सुटले, आणि तो तसाच एका हातावर लोंबकळत राहिला. पायांना झाड सापडेना. खाली भाऊ उभे होते. साठीचे, संधिवातानं वाकलेले, हातात काठी. त्यांनी वर बघितलं आणि ओरडायला लागले. काय ओरडले ते त्यांनाही आठवत नव्हतं. भागोजीनं कशीबशी पोफळीला मिठी मारली आणि घसरत खाली आला. छाती सोलवटली होती.

भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी काठी जमिनीवर आपटली आणि म्हणाले, “चालता हो! उद्यापासून माझ्या वाडीत पाय ठेवायचा नाही!”

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत सदू चढत होता. हा सदू शेजारच्या आळीतला, ठमाबाईची मैत्रीण काशी, तिचा नवरा. भागोजी उंबऱ्यात बसून त्याच्याकडं बघत राहिला. ठमाबाई सुपाऱ्या सोलायला गेली नाही. चूलही उशिरा पेटवली.

तिसऱ्या दिवशी ती अंबिकावहिनींकडं गेली. नीट बोलायचं असं ठरवून गेली होती, पण दारातच तोंडातून निघालं, “दहा वर्सं राबवलात आन् एका दिसात फेकलात?”

“तोंड सांभाळून बोल,” वहिनी म्हणाल्या. “त्यांना दोन दिवस झोप नाही. तू आधी शांत मनानं...”

“पुन्यांदा मन!” ठमाबाई म्हणाली आणि पाठ फिरवून निघून आली. आणखी घटकाभर थांबली असती, तर पुढचा सगळा ताप वाचला असता. पण थांबणं तिच्या रक्तातच नव्हतं.

ती घरी आली तर भागोजी घरात नव्हता. तो चौकीवर गेला होता.

चौकीवरच्या हवालदाराचं आणि भाऊंचं आधीपासून बिनसलं होतं. हवालदार येता-जाता वाडीतली शहाळी उतरवून न्यायचा आणि भाऊंनी ते बंद केलं होतं. भागोजी त्याच्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, “सायेब, भाऊंनी माज्या पोटावर पाय दिला.”

हवालदार त्याच मुलखातला. भागोजी काय म्हणतो ते त्याला न समजायला तो काही विलायतेहून आला नव्हता. पण कुणाला कामावरून काढणं हा गुन्हा नाही, त्याला कलम लागत नाही. पोटावर पाय देणं हा गुन्हा आहे, त्याला लागतं. त्यानं विचारलं, “दिला ना पाय? नक्की?” भागोजी म्हणाला, “नक्की म्हंजे? देवाशपथ.” हवालदारानं लिहून घेतलं, की मालकानं मजुराला झाडाखाली पाडून त्याच्या पोटावर पाय दिला. भागोजीनं खाली अंगठा उठवला आणि छाती पुढं काढून घरी आला.

“कंप्लेट दिली,” तो म्हणाला.

“कसली?”

“पोटावर पाय दिल्याची.”

“बरं झालं,” ठमाबाई म्हणाली. तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

वावगं वाटलं ते संध्याकाळी, भागोजीचा चुलतभाऊ अंबाजी धापा टाकत आला तेव्हा. हवालदारानं त्याला रस्त्यात थांबवून सगळं रंगवून सांगितलं होतं. अंबाजीनं आल्या आल्या भागोजीची पैरण वर केली. “कुठं दिला पाय? दाव! मोडलं का काय आत?”

भागोजीनं पैरण खाली ओढली. “अरे, पाय कुठं दिलाय?”

“मंग खोटी कंप्लेट केलीस?”

“खोटी कशी? दिलाच की पाय!”

“अरे दिला का न्हाय दिला?”

“दिला! पण दिला न्हाय!”

ठमाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. अर्धा तास ती दोघांना समजावत होती, आणि जितकं समजावत गेली तितका अंबाजी जास्त गोंधळत गेला. सकाळपर्यंत गावात बातमी फिरली. काशी सदूला चोरून हळद-तेलाची वाटी घेऊन आली. कुणी शेकायला विटेचा तुकडा आणला. एका म्हातारीनं भागोजीला आडवं पाडून पोट चोळायला सुरुवातच केली, आणि तो “माजं पोट बरं हाय गो!” असं ओरडत असताना ती म्हणत होती, “आतल्या मारात असंच वाटतं, बाबा.” सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं दाबून दाबून विचारलं, दुखतं कुठं? दुखत न्हाय. मग पाय कुठं दिला? पोटावर. डॉक्टरनं हात धुतले आणि दुसऱ्या रोग्याला बोलावलं.

भाऊंना कोर्टाचं बोलावणं आलं तेव्हा ते पायरीवर बसूनच राहिले. ज्या माणसाला स्वतःचा पाय उंबऱ्यावर ठेवायला हाताचा आधार लागतो, तो दुसऱ्याच्या पोटावर पाय देईल? त्यांनी आयुष्यात बैलालाही काठी मारली नव्हती. गावातल्या चार लोकांनी भागोजीला सांगितलं, जा, कंप्लेट काढून घे. भागोजी गेला. हवालदार म्हणाला, “काढलीस तर खोटी ठरेल. खोटी ठरली तर तू आत.” भागोजी परत आला. तेव्हापासून तो जेवताना ताटाकडं बघत राही आणि ठमाबाई भिंतीकडं बघून हवालदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

कोर्ट श्रीवर्धनला. मुलांना काशीकडं ठेवून दोघं पहाटे निघाली, पुढं मोटार मिळाली. मोटारीत भाऊ आणि अंबिकावहिनीही होत्या. चौघं जणं समोरासमोर बसली आणि साऱ्या वाटभर कुणी कुणाशी बोललं नाही. एका वळणावर भाऊंची काठी घरंगळली. भागोजीनं सवयीनं उचलून दिली, भाऊंनी सवयीनं घेतली, आणि मग दोघांना आठवलं आणि दोघंही खिडकीबाहेर बघायला लागले. हे सगळं बघून ठमाबाईला दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

तेव्हा महाराष्ट्र आणि गुजरात मिळून एकच मोठं मुंबई राज्य होतं. त्यामुळं तिकडचे अंमलदार इकडं येत आणि इकडचे तिकडं जात. श्रीवर्धनला त्या वेळी आलेले मॅजिस्ट्रेट असेच गुजरातेतले होते. बुटके, चष्मेवाले. मराठी पुस्तकातून शिकले होते, त्यामुळं एकेक शब्द जपून ठेवत बोलत.

भागोजीला पिंजऱ्यात उभं केलं. खरं बोलेन अशी शपथ घेतली होती, आणि आता खरं कुठलं तेच त्याला ठरवता येईना. पाय दिला? दिला. कुठला, डावा की उजवा? भागोजीनं आपल्याच पायांकडं बघितलं. तू खाली पडला होतास? न्हाय, झाडावर होतो. झाडावर असताना पोटावर पाय दिला? लोक हसले. मॅजिस्ट्रेटनी त्याला बसायला सांगितलं.

मग ठमाबाई. भाऊंचे वकील मार्तंड नावाचे, श्रीवर्धनचेच. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना कोर्टात हशा पिकवायची हौस होती.

“बाई, तुमच्या नवऱ्याच्या पोटावर पाय दिला तो तुम्ही पाहिलात?”

“व्हय.”

“एकाच पोटावर दिला?”

“न्हाय. चार पोटांवर.”

“चार?” वकिलांनी लोकांकडं वळून बघितलं. “एकाच माणसानं, एकाच वेळी, चार पोटांवर पाय?”

“माजं, ह्यांचं, गोदूचं, सदाचं. मोजा.”

हशा झाला. पार दारातला पट्टेवालासुद्धा हसला. ठमाबाईच्या कानशिलापर्यंत आग चढली. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

“हसताव काय?” ती कठड्यावर मूठ आपटून म्हणाली. “कामावरनं काडलं की काय दुखतं? डोकं दुखतं? पाय दुखतो? पोटच दुखतं ना? रातच्याला पोर रडतं ते कुठं हात ठेवून रडतं? मंग ज्यानं काडलं त्यानं पोटावर पाय दिला आसं न्हाय म्हनायचं तर काय म्हनायचं? आमाला ह्याच्या भायेरचं बोलता येत न्हाय. तुमाला येत आसल तर तुमी सांगा, आमी तसं बोलू.”

वकील काही बोलणार होते, पण मॅजिस्ट्रेटनी हात वर केला. ते हसत नव्हते.

“बाई, आपण शांत व्हा,” ते म्हणाले. “मला कागद वाचतानाच समजलं होतं. आमच्याकडे म्हणतात, पेट पर पाटू. पाटू म्हणजे लाथ. आपल्याकडे नुसता पाय ठेवतात. आमच्याकडे लाथ मारतात.” मग त्यांनी चष्मा काढून हवालदाराकडं बघितलं. “जे गुजराती माणसाला समजलं, ते आपल्याला मराठी असून समजलं नाही?”

हवालदार टोपी सरळ करत राहिला. तिथंच खटला संपला होता. मॅजिस्ट्रेटनी भाऊंना मोकळं केलं, हवालदाराला लोकांदेखत झाडलं आणि भागोजीवर काही ठेवलं नाही. तिथंच उठले असते तर सगळी हसत घरी गेली असती. पण त्यांनी जाता जाता भाऊंना विचारलं, “आपण याला काढलं कशासाठी?”

भाऊ काठीवर भार देऊन उभे राहिले. “मी काढला नाही साहेब. तो वर लोंबकळत होता. एका हातावर. माझ्या पोटात असा गोळा आला, की...” त्यांनी भागोजीकडं बघितलं. “तोंडाला येईल ते बोललो. वाटलं, सकाळी येईल, काहीतरी बोलेल, मीही बोलेन. तो आला नाही. सुपारी पिकून गळत होती, म्हणून सदूला चढवला.”

ठमाबाईनं मान वर केली. इतक्या वर्षांत भाऊंच्या घरातल्या माणसाच्या तोंडून तिनं पोट हा शब्द पहिल्यांदा ऐकला होता.

“तो चढणारा माणूस, दहा वर्षांचा सराव,” मॅजिस्ट्रेट म्हणाले. “मग लोंबकळला कसा?”

“ते मलाही कोडं आहे,” भाऊ म्हणाले.

भागोजीनं ठमाबाईकडं बघितलं. डोळ्यांनीच सांगितलं, बोलू नको. आणि ठमाबाईला त्या क्षणी सगळ्यांचाच इतका वैताग आला, भाऊंचा, भागोजीचा, स्वतःचाही, एक साधी गोष्ट सांगायची सोडून सगळं गाव पोट चोळत बसलं होतं, की तिच्या तोंडून निघूनच गेलं.

“ह्यांना अंधारी येते. डोळ्यांपुढं. हंगाम लागल्यापासनं. वर आसताना येते.”

“ठमे!” भागोजी ओरडला.

पण आता ते श्रीवर्धनच्या कोर्टात, वाडीवाल्यांच्या, दलालांच्या, मोटारवाल्यांच्या कानांवर पडलं होतं. ते दिवेआगरला तिच्या आधी पोचणार होतं.

परतीच्या वाटेवर भागोजी मोटारीच्या मागच्या बाकावर एकटा बसला. घरी आल्यावर त्यानं आपली पायात अडकवायची दोरीची वळी खुंटीवरून काढली आणि चुलीत घातली. ती दोरी होती काथ्याची. खोलीभर धूर झाला. ठमाबाई खोकत बाहेर आली आणि धूर निवेपर्यंत पडवीत बसून राहिली.

शिमगा आला आणि गेला, तरी भागोजी तिच्याशी बोलला नाही. तो सदाला सांगे, “तुज्या आयेला सांग, मीठ कमी हाय.” ती गोदूला सांगे, “तुज्या बापाला सांग, डबा तिथंच हाय.” पोरं निरोप पोचवून कंटाळली. कुठल्याच वाडीत त्याला चढायला कुणी बोलावलं नाही. भाऊंनी दोनदा निरोप धाडला, की वाडी शिंपायचं काम कर, रहाटाचा बैल हाक. भागोजीनं नाही म्हणून सांगितलं. जमिनीवरचं काम तो करणार नव्हता. मग एका सकाळी ठमाबाईच उठली, पदर खोचला आणि रहाटावर गेली. बैल तिच्या बापाच्या बैलांसारखाच आळशी निघाला. त्याला शिव्या घालता घालता तिचा दिवस बरा जाऊ लागला. वाडीभर पाण्याच्या सुळसुळाटाबरोबर तिचा आवाज ऐकू यायचा.

उन्हाळ्यात भाऊ स्वतः भागोजीच्या दारात आले. उंबऱ्याबाहेर काठी टेकून म्हणाले, “मोटार सांगितलीय. महाडला मोठा डॉक्टर आलाय. चल.” विचारलं नाही, नुसतं चल म्हणाले. भागोजी उठला.

डॉक्टरनं डोळे बघितले नाहीत. कान बघितले. भागोजीला खुर्चीत बसवून गरगर फिरवलं, कानात थंड पाणी सोडलं, आणि सांगितलं, दोष कानात आहे. तोल कानात असतो. भागोजी घरी आला तो संतापानं लाल होऊन. आणि संताप सांगायला त्याला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तो थेट ठमाबाईपुढं उभा राहिला. त्या दिवशी इतक्या महिन्यांचा अबोला तुटला.

“अंधारी डोळ्यांपुढं येते, आन् तो कान बघतो! पायाखालचं झाड सुटतं, आन् म्हणतो तोल कानात हाय! कानात तोल आसतो व्हय? मी काय कानानं चढतो?”

“मी काय सांगू?” ठमाबाई म्हणाली. “वहिनींचं मन कुठं हाय ते तरी कुठं गावतंय?”

भागोजीनं तिच्याकडं बघितलं. मग तो पाटावर बसला आणि म्हणाला, “वाढ.”

गोळ्यांनी अंधारी कमी झाली, गेली नाही. भागोजी परत पोफळीवर चढला नाही. आधी झावळ्यांचे झाप विणायला लागला, मग नारळ सोलायला. ते काम तो रागारागानं करी, म्हणून फार भराभर होई. पुढच्या काही वर्षांत आसपासच्या वाड्यांतले नारळही त्याच्याकडं सोलायला यायला लागले. सदू वर चढला असताना तो खालून ओरडून चुका काढायचा. सदू वरून काय उत्तर द्यायचा ते काशी कुणाला सांगत नसे.

ठमाबाईची कोर्टातली साक्ष मात्र गावोगाव फिरली. कुणाचं बांधावरून भांडण झालं, कुणाची म्हैस कुणाच्या शेतात गेली, की माणसं तिला न्यायला यायची. ठमामावशी, तू नुसती ये, दोन शब्द बोल. ती त्यांना पाण्याचा तांब्या देई आणि वाटेला लावी. “एकदा बोलले तर घरात धूर झाला,” असं म्हणे.

गोदूचं लग्न तिनं मुद्दाम माहेरच्या बाजूला, तळ्याकडं करून दिलं. पोरीनं भात लावावं, वर बघायला लागू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. सदा बोटीवर पोऱ्या म्हणून लागला आणि मुंबईला राहिला.

चौसष्ट साली, दिवाळी होऊन थंडी पडायला लागली तेव्हा भाऊ गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. मुलगी सुचित्रा पुण्याहून आली, तेरावं करून आईला न्यायचं म्हणाली. अंबिकावहिनी हलल्या नाहीत. सुपारी काढायची आहे म्हणाल्या. सुचित्रा हट्ट करून, रडून, शेवटी एकटी परत गेली.

त्यानंतर एका दुपारी ठमाबाई सुपाऱ्या घेऊन पडवीत गेली, तर वहिनी माजघराच्या दारात उभ्या होत्या. आत जात नव्हत्या, बाहेरही येत नव्हत्या.

“काय वो वहिनी?”

वहिनींनी दाराची चौकट धरली. मग म्हणाल्या, “ठमा, घर खायला उठतं गं.”

ठमाबाईनं टोपली खाली ठेवली. माजघरात डोकावून बघितलं. भाऊंची काठी कोपऱ्यात तशीच टेकून ठेवलेली होती, पाट तसाच होता, देवापुढचा दिवा विझला होता.

“मंग एकल्या ऱ्हाताव कशाला?” ती वैतागून म्हणाली. “इतके दिस बोलला न्हायव ते! मी रातची येते झोपायला. पडवीत.”

“अगो, तुला कशाला त्रास?”

“तरास हायच,” ठमाबाई म्हणाली. “डास लय हायेत तुमच्या पडवीत.”

त्या दिवशी संध्याकाळी ती चटई आणि वाकळ घेऊन आली. भागोजीनं विचारलं, जेवण कोण वाढंल? ती म्हणाली, हात हायत ना. पुढं फाल्गुनापर्यंत ती रोज गेली. रोज तक्रार करत गेली. वहिनी कडी लावायला विसरतात, कंदिलाची काच पुसत नाहीत, झोपेत बडबडतात, पहाटे चारला उठून भांडी वाजवतात. वहिनीही तिच्याबद्दल काशीकडं तक्रार करत, की ही बाई घोरते आणि कबूल करत नाही. सुपारी उतरली, सोलून झाली, दलाल येऊन माल घेऊन गेला. मग एका सकाळी तळ्याहून निरोप आला, की गोदू बाळंतपणाला येते आहे. ठमाबाईनं वाकळ झटकली, चटई गुंडाळली आणि वहिनींना म्हणाली, “आता पोर येनार. तुमी दुपारची माज्याकडं बसायला या. वाटेत कुंपण मोडलंय तिथनं येऊ नका, काटे हायेत.”

अंबिकावहिनी दुसऱ्याच दिवशी आल्या, आणि तिथूनच आल्या. ठमाबाई त्यांच्या लुगड्यातला काटा काढत बसली आणि तोंडानं तिचं चालूच होतं.